उष्टा लिपबाम

९ जानेवारी

ती. ताईस,

'ती.' म्हणजे तीर्थरूप, असं आईने शिकवलं होतं. या खेपेला 'ती'चा अर्थ नुसता ती असा घे. जिने रविवारी भर दुपारी माझी बॅग जिन्यात नेऊन ठेवली, ती.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस म्हणून कागदावर आले. कागद ब्लॉक करता येत नाही. फाडता येतो, पण फाडणारीने आधी दोन ओळी तरी वाचलेल्या असतात, आणि तू तर इथपर्यंत पोचलीस.

पत्ता तू विचारला नाहीस, तरी देते. लाँड्रीच्या वरची खोली. खालून दिवसभर वाफ येते, भिंतीला हात लावला तर ओलसर लागते. आमच्या कोल्ड स्टोअरमध्ये शून्याखाली उभं राहून आल्यावर ती वाफ बरीसुद्धा वाटते. एक कॉट, एक खुर्ची, आणि आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेला आरसा. तो नसता तर बरं झालं असतं. सकाळी तोंड धुतलं की त्यात माझे ओठ दिसतात आणि मग तुझा तो टॉर्च आठवतो.

पुटकुळ्या अजून आहेत. वरच्या ओठाच्या कडेने, ओळीने बसल्यासारख्या, मोहरीएवढ्या. दुखत नाहीत. थोड्या खाजतात.

त्या दिवसाचं तू आपल्या मावशीजवळ जे सांगितलंस त्याला बरंच तिखटमीठ लागलंय असं ऐकलं. मावशी तर तिथेच बसली होती, तिला वेगळं तिखट कशाला लागलं कोण जाणे. म्हणून जे झालं ते एकदा माझ्या बाजूने लिहून ठेवते. आधी माझ्या ओठावर आल्या. तू म्हणालीस, 'आतल्या आत ताप असेल, पाणी पी.' आठवड्याने भावोजींच्या ओठावर आल्या. तीच कड, तशीच ओळ. रविवारी जेवताना तू घास हातात धरून त्यांच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे, मग परत त्यांच्याकडे. मग उठलीस आणि मोबाईलचा टॉर्च लावून आलीस. मला वाटलं, काळजीने बघते आहेस. मी तोंड वर करून दाखवलंसुद्धा. बळीचा बकराही एवढ्या हौसेने मान पुढे करत नसेल.

आणि तू म्हणालीस, 'माझ्या ताटातलं उष्टं खाल्लंस ना गं बारके?'

खरं सांगते ताई, मला कळलंच नाही. मी तुझ्या ताटाकडे पाहिलं. वाटलं, बोलता बोलता चुकून माझा हात तुझ्या ताटात गेला की काय. मावशीने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

भावोजी काय बोलले? ते उठले, बेसिनपाशी गेले आणि त्यांनी नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता. 'नाही' म्हणायला माणसाला असं किती पाणी लागतं? दोन अक्षरांचा शब्द आहे.

काल त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनीही टॉर्च लावला, पण आरोप नाही केला. कशाने आलं ते नक्की सांगता येत नाही म्हणाल्या. कशानेही येतं. ओठाला जे काही लावता ते बंद करा, दुसऱ्याचं काही वापरू नका. मी म्हटलं, मी कुणाचं काही वापरत नाही. तर म्हणाल्या, 'मग तुमचं कुणी वापरतं का?' मी म्हटलं, माझं आहेच काय वापरण्यासारखं.

मला तुझं घर परत नको. तुझ्या पिल्लूच्या शेजारची माझी गादीही नको. तू फक्त एकदा म्हण, की बारकी असं करणार नाही हे मला माहीत आहे. चारचौघांत नको म्हणूस. माझ्यापाशीच म्हण, हळू म्हण, तरी चालेल. तू लहानपणी मला अंघोळ घातली आहेस. माझ्या अंगावरचा प्रत्येक डाग तुला ठाऊक आहे. जो नाही तो दिसला कसा?

बारकी


२ फेब्रुवारी

ताई, ताई, ताई!

सापडलं! पत्र उभ्यानेच लिहिते आहे, अक्षर बघून हसू नकोस.

आमच्या कोल्ड स्टोअरमध्ये जॅकेटं कशी वाटतात ते तुला ना मी कधी सांगितलं, ना भावोजींनी. सांगण्यासारखं काही नाही म्हणून. माणसं दुप्पट आणि जॅकेटं निम्मी. सकाळपाळीने काढलं की दुपारपाळीने घालायचं, आदल्या माणसाची ऊब आत असते तोवर. थंडीत ते बरंही वाटतं. प्रत्येकाच्या पाठीवर नंबर. माझं सतरा. आम्ही नंबर लक्षात ठेवतो, आधीचा माणूस कोण ते कुणी विचारत नाही. बाहेर येणाऱ्याने दारातल्या त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांपाशी काढून खुंटीला लावायचं, आत जाणाऱ्याने खुंटीवरून घ्यायचं. जॅकेट कुणी घातलंय याच्याशी गोठलेल्या मटाराला देणंघेणं नसतं.

आणि त्या सतराच्या आतल्या खिशात माझा लिपबाम असतो. चेरीचा, गुलाबी. घरी आणला की पिल्लू तोंडभर फासून घ्यायची, म्हणून तिथेच ठेवून यायचे. डिसेंबरपासून तो लवकर संपायला लागला होता, आणि टोक तिरकं झिजायचं. मी सरळ लावते, सपाट झिजतं. मी म्हणायचे, हल्ली मालच खराब येतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हाही डोक्यात आलं नाही. अक्कल आली ती आज, जॅकेटं वाटणाऱ्या स्टोअरच्या बाईसमोर. मी सहज विचारलं, 'सतरा सकाळी कुणाकडे असतं हो?' तिने मान वर न करता सांगितलं, 'तुमच्या भावोजींकडेच की. लहान मापाचं एवढंच एक आहे.'

लहान मापाचं! आणि घरी जेवताना आपल्याला काय सांगतात? 'मला मोठ्यातलं मोठंसुद्धा खांद्यात दाटतं.'

मी पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर त्यांना गाठलं. म्हटलं, 'भावोजी, माझा लिपबाम तुम्ही लावता?' त्यांनी आधी मागे वळून बघितलं, लोडिंगची पोरं ऐकताहेत का ते. मग म्हणाले, 'हळू बोल गं. लावला असेल एकदोनदा. ओठ फुटून रक्त येतं, तुला नाही कळायचं.'

मला नाही कळायचं! मी तिथे काय भजन करते?

मी म्हटलं, 'मग ताईला सांगा ना एवढंच.'

'सांगतो, सांगतो. पण इथे अक्षर काढू नकोस. मागे एकाने नुसतं हाताला क्रीम लावलं, तर ही पोरं त्याला वर्षभर वहिनी म्हणत होती. त्यात मी सुपरवायझर. त्यात ते बायकांच्या मापाचं जॅकेट.'

'सांगतो म्हणजे कधी?'

'आज. आजच सांगतो, जा तू.'

म्हणजे हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तुला सगळं कळलेलं असेल. तरी लिहिलं, कारण राहवलं नाही. ताई, एवढ्याशा गुलाबी कांडीने केवढं महाभारत घडवलं! मी खोलीत येऊन बॅगेत कपडे भरायलासुद्धा घेतले. मग म्हटलं, बारके, दम धर, तिला आधी बोलावू दे. येताना मी स्वतःहून काही विषय काढणार नाही. तू लाजशील ते मला बघवणार नाही. पिल्लू मोठी झाली की तिला सांगू, एकदा तुझ्या बाबांनी मावशीचा लिपबाम चोरला आणि तुझ्या आईने घर डोक्यावर घेतलं. तिघी पोट धरून हसू.

ब्लॉक काढ आता.

तुझी बारकी


१९ मार्च

सौ. ताईस,

पार्सल मिळालं. निळा स्वेटर, दोन उशांचे अभ्रे, माझा कंगवा. कंगव्यातले केससुद्धा तसेच पाठवलेस. माझं म्हणून काही मागे राहू नये याची तू किती काळजी घेतलीस ते बघून ऊर भरून आला. चिठ्ठी शोधली. अभ्रे उलटे करून झटकले. मग स्वतःचंच हसू आलं.

ब्लॉक अजून आहे. म्हणजे भावोजींचं 'आज' अजून उजाडलं नाही. मी त्यांना गेटवर दोनदा हाका मारल्या. एकदा त्यांना ऐकू आलं नाही, आणि एकदा त्यांना फोन आला. त्यांनी जॅकेट बदलून घेतलंय. आता मोठं घालतात. बाह्या एवढ्या लांब आहेत की हात दिसत नाहीत, बोट दाखवून कामं सांगतात तेव्हा नुसती बाही हलते. लोडिंगची पोरं हसतातच. कशाला हसायचं ते त्यांनी बदललं, एवढंच.

सतरा आता कुणी घेत नाही. शेजारच्या काकूंचे यजमान लोडिंगला आहेत हे तू काकूंना सांगताना विसरली असशील. काकूंनी महिनाभर पोटात ठेवलं, मग दोन दिवसांत सगळ्या शेडला कळलं. पॅकिंगच्या टेबलावर माझ्या शेजारच्या बायकांनी आपापल्या पाण्याच्या बाटल्या पलीकडे सरकवल्या. कुणी वाईट बोलत नाही हं. सगळ्या गोड बोलतात, फक्त बाटल्या पलीकडे असतात. स्टोअरच्या बाईने ते जॅकेट मला एकटीलाच देऊन टाकलं. आता ते घालताना थंडगार असतं.

तुला 'उष्टं' हा शब्द सुचला, याचं मला अजून नवल वाटतं. दुसरा कुठलाही सुचायला हवा होता. आई एकाच पेल्यात दोघींना दूध द्यायची, आठवतं? आधी तू, मग मी. पेल्याच्या कडेला तुझ्या ओठांची पांढरी खूण असायची आणि मी मुद्दाम तिथेच तोंड लावायचे. एकदा तू आईकडे रडत गेलीस, 'बारकीने आधी प्यालं, आता हे उष्टं झालं.' आई म्हणाली, 'एका पोटातून आलात ना? मग उष्टं कसलं?' मी तेव्हापासून तो शब्द तुझ्या-माझ्यातून हद्दपार झाला असं समजून चालले होते. तू मात्र जपून ठेवला होतास.

आता एक विचारते. खरंच फक्त पुटकुळ्याच होत्या का? की आधीपासून काही खदखदत होतं आणि त्या निमित्ताला आल्या? पिल्लू पडली की 'मावशी' म्हणून रडत यायची, ते तुला लागायचं. मला दिसायचं. भावोजी माझ्या बोलण्याला खो खो हसायचे आणि तू काही बोललीस की 'हं' म्हणायचे. पण ताई, तू विनोद सांगायच्या आधी 'एक गंमत सांगते' असं सांगतेस, तिथेच गंमत मरते. त्यात माझा काय दोष?

आणि हो, आवडायचं मला ते हसणं. लपवत नाही. भावोजींचं म्हणून नाही. आई गेल्यावर आपल्या घरात कुणी हसलंच नव्हतं. तुझ्या घरात हसणारं माणूस होतं, पाय पसरून बसणारं मूल होतं. मी त्या हसण्यासाठी चार विनोद जास्त केले असतील. तू मला एकदा जवळ बोलावून सांगायचंस, 'बारके, जरा कमी बोल.' मी तोंडाला कुलूप लावलं असतं. घरात नुसती जागा हवी होती गं मला, कोपऱ्यातली.

पुटकुळ्या गेल्या. आपल्या आपण. कुठून आल्या आणि कशाने गेल्या, डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. तुला सांगायचं कारण एवढंच की आता टॉर्च लावून बघितलंस तरी काही दिसणार नाही.

इथे वाफेने डोळ्यांची आग होते, म्हणून शाई पसरली आहे. दुसरं काही समजू नकोस.

बारकी


१४ मे

ताई,

तू आलीस, बसलीस, पाणी प्यालीस आणि गेलीस. मला प्रश्न विचारण्यापलीकडे एक शब्द सुचला नाही. बारकीची जीभ कात्रीसारखी चालते म्हणायचीस ना, नेमकी परवा बोथट झाली. म्हणून आता लिहिते. तू सगळं ऐकून घ्यायचं आहेस. माझ्या खोलीत येऊन बोललीस, आता तुझ्या खोलीत बसून ऐक.

जिन्यात चप्पल वाजली तेव्हाच मी ओळखलं. डाव्या पायाने जरा जास्त दाबून चालतेस. मी खुर्ची पुसली, आरशात केस सारखे केले, आणि दार तू वाजवायच्या आधीच उघडलं. एवढा आनंद मला लपवता आला नाही याची मला आता लाज वाटते. तू खोलीभर नजर फिरवून म्हणालीस, 'उजेड बरा आहे गं.' मी म्हटलं, 'हो, उजेड आहे.' 

'तुझी पत्रं मिळाली,' तू म्हणालीस.

'सगळी?'

'सगळी.' पर्सची चेन उघडलीस, लावलीस, परत उघडलीस. 'मला ह्यांनी तेव्हाच सांगितलं होतं बारके.'

'तेव्हाच म्हणजे कधी?'

'तू गेलीस ना, त्याच संध्याकाळी. जॅकेटचं, त्या लिपबामचं, सगळं. रडले बिचारे.'

बिचारे! मी लाँड्रीच्या पायऱ्यांवर बॅग घेऊन बसले होते, मालकीण खोली देते की नाही याची वाट बघत, आणि माझ्या घरी बिचारे रडत होते. पुढे गेटवर मला 'आजच सांगतो' म्हणाले, तेव्हा सांगून महिना होत आला होता. केवढा सराईत माणूस! आणि तू? तुला सगळं ठाऊक असताना तू माझं ते तीनदा 'ताई' लिहिलेलं पत्र वाचलंस. वाचून घडी घालून कुठे ठेवलंस गं?

मी विचारलं, 'मग मला बोलावलं का नाहीस?'

'कशी बोलावू? मावशीसमोर बोलून बसले होते. काकूंना सांगून झालं होतं. आता परत सगळ्यांना काय सांगू, लिपबामवरून बहिणीला हाकललं म्हणून? लोक तोंडात शेण घालतील. ह्यांचं तर कामावर हसं होईल.'

तिथे तू चुकलीस ताई. मला तेव्हा उमगलं नाही, तू जिना उतरून गेल्यावर उमगलं. काकूंना तू सोमवारी सकाळी सांगितलंस. काकूंनीच मला सांगितलंय, दूध घ्यायला बाहेर पडलीस तेव्हा बोललीस म्हणून. आणि भावोजींनी तुला सांगितलं रविवारी संध्याकाळी. संध्याकाळ आधी आली गं, सकाळ नंतर. म्हणजे मी निर्दोष आहे हे कळल्यावर तू दुधाची पिशवी हातात घेऊन काकूंच्या दारात उभी राहिलीस आणि माझी अब्रू तिथे ठेवून आलीस.

का, ते मी विचारलं नव्हतं. तूच मान खाली घालून म्हणालीस. 'सगळ्या जणी माझी विचारपूस करत होत्या बारके. मावशी रोज फोन करून विचारायची, जेवलीस का. मला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. सगळे तुलाच विचारायचे. आणि हेही तेव्हापासून वेळेवर घरी येतात, ताट उचलून ठेवतात, माझ्याशी बोलतात.'

ते ऐकताना, देवाशपथ सांगते, मला तुझी दया आली. तुझा हात धरावासा वाटला. चार माणसांनी जेवलीस का विचारावं म्हणून तुला सख्खी बहीण विकावी लागली. मला सांगितलं असतंस तर मीच रोज विचारलं असतं.

मग तू मुद्द्यावर आलीस. पिल्लूचा वाढदिवस. ती सारखी मावशी मावशी करते. 'तू ये. मोठी मावशी असेल, काकू असतील. सगळ्यांसमोर एवढंच म्हण, ताई, चुकलं माझं. मी लगेच तुला जवळ घेईन. विषय संपला. परत कुणी नाव काढणार नाही.'

'माझं काय चुकलं?' मी विचारलं.

'ते कुणी विचारणार नाही गं.'

पेलाभर पाणी प्यालीस, पेला स्वतः विसळून ठेवलास आणि गेलीस.

जानेवारीत मी तुझ्याकडे काय मागितलं होतं ते आठव. बारकी असं करणार नाही हे मला माहीत आहे, एवढं माझ्यापाशी म्हण, हळू म्हण. म्हणालीस. हळूच म्हणालीस, दार लावून. मागितलं ते मिळालं, आता तक्रार करायला जागा नाही. तुझा माझ्यावर विश्वास नाही म्हणून मी चार महिने जळत होते. तो होता. पहिल्या दिवसापासून होता. तो असूनही तू हे केलंस. नसता तर मी तुला कधीतरी समजून घेतलं असतं, संशयाने माणूस आंधळं होतं म्हणून. तू तर डोळस होतीस.

तुमचं दोघांचं छान जमतं, ते मला आता कळलं. त्यांना लोकांनी हसायला नको, तुलाही लोकांनी हसायला नको. दोघांचं हसं वाचावं म्हणून माझं वाटोळं झालं तरी चालेल.

एक गोष्ट मात्र सांगून टाकते, तिची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तू गेल्यावर मी ते वाक्य म्हणून बघितलं. आरशासमोर. 'ताई, चुकलं माझं.' एका श्वासात होतं. तू जवळ घेईन म्हणालीस ना, त्यापायी म्हणावंसं वाटतं. आई गेल्यापासून मला कुणी जवळ घेतलेलं नाही. आणि पिल्लूने दात पडल्यावर सगळ्यात आधी कुणाला दाखवला असेल, हे मनातून जात नाही.

येईन की नाही ते लिहीत नाही. मला माहीत नाही.

बारकी


२ जून

ताई,

मी म्हणायलाच आले होते. हे तुला माहीत असायला हवं, म्हणून लिहिते. भांडायला आले नव्हते. रस्ताभर मनात घोकत आले. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलंसुद्धा, 'काही म्हणालात का?'

दारात पिल्लू धावत आली आणि तिने आधी तोंड उघडून दाखवलं. दोन दात पडलेत, खालचे. मी तिला उचललं तेव्हा माझं सगळं ठरलं. म्हटलं, मरू दे मान आणि अपमान. तीन शब्द तर आहेत. या पोरीसाठी म्हणून टाकू आणि तिच्या शेजारी बसून केक खाऊ.

आत सगळी मंडळी ठाण मांडून बसली होती. फुगे, मेणबत्त्या, मावशी सोफ्यावर मधोमध, काकू स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत. भावोजी स्टुलावर चढून पताका लावत होते, मला बघून ते त्या पताकेत फारच गुंतले.  मावशी तुला म्हणाली, 'घे गं जवळ तिला, लहान आहे, चुकली असेल.' मी पिल्लूला खाली ठेवलं. तुझ्यासमोर आले. शब्द जिभेवर होते ताई, नुसतं तोंड उघडायचा अवकाश.

तू थांबली असतीस तर शब्द निघाले असते.

पण तुला दम निघाला नाही. माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवलेस, डोळे भरून आणलेस, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालीस, 'मी तुला माफ केलं.'

केवढं मोठं मन! काकूंनी तर डोळ्याला रुमाल लावला. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, एवढ्या जवळून तरी पापणी हलेल, काही चमकून जाईल, फक्त माझ्यासाठी, की बारके, हे नाटक आहे, सांभाळून घे. काही नव्हतं गं. तुला ते खरंच वाटत होतं. या पाच महिन्यांत सांगून सांगून तुला ते स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं. माझ्या खोलीत येऊन माझ्या खुर्चीवर बसून बोललीस ते सगळं तू जिन्यातच सांडून आली होतीस.

मी म्हणाले, 'मी नाही केलं.'

मावशी कपाळावर हात मारून म्हणाली, 'बघा! अजून म्हणते मी नाही केलं. एवढी माफी दिली तरी कबूल करवत नाही बाईला.' काकू म्हणाल्या, 'कबूल करायलाही मन लागतं हो.' भावोजी स्टुलावरून उतरले आणि सुरी शोधायला आत गेले. मी पिल्लूच्या हातात तिच्यासाठी आणलेलं खेळणं दिलं, तिचा पापा घेतला नाही, लांबूनच हात केला, आणि निघाले. लोकांसमोर कुणाला ओठ लावायची आता मला भीती वाटते. हेही तुझंच देणं.

मी त्या वेळी दुसरं एक वाक्यही बोलले नाही. जॅकेटचं नाही, लिपबामचं नाही, रविवार-सोमवारचं नाही. बोलले असते तर तुझ्या घरात त्याच दिवशी हसं झालं असतं, मोठ्ठं, आणि पिल्लूच्या वाढदिवशी. तेवढं मी तुझं राखलं. आता मावशी सगळ्या नात्यात सांगत फिरेल की बारकी निर्लज्जपणे नाकारून गेली. फिरू दे. त्यांना जे ऐकू आलं तेही खरंच आहे.

पण तुला ते तसं ऐकू आलं नाही. तुझे हात माझ्या खांद्यांवर होते, ते तू चटका बसल्यासारखे काढलेस. सगळ्यांनी मी दिलेला नकार ऐकला. तू मला काय म्हणाली होतीस, हे त्या खोलीत फक्त तुझ्या लक्षात राहिलं होतं, म्हणून माझं उत्तर फक्त तुला कळलं.

तू मला माफ केलंस. मी तुला नाही केलं.